दंडावरचं बटण आणि दादांची वामकुक्षी

माझ्या वडिलांना मी साखर खाऊ घालून दीड महिना आंधळं ठेवलं, आणि हे सगळं त्यांच्या तब्येतीची काळजी घेताना घडलं.

आंधळं म्हणजे अगदी ठार आंधळं नव्हे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक पिकलेला, दुसरा पिकायच्या बेतात. समोर माणूस आहे हे दादांना दिसायचं, कोण आहे ते आवाजावरून ठरवावं लागायचं. तेवढ्यावर त्यांचं भागत होतं. अडलं ते मोगऱ्यापाशी. नालासोपारा पश्चिमेला आमची वाडी होती, तिचा आता इमारतींच्या मधे अडकलेला एक तुकडा उरलाय, आणि त्या तुकड्यात दादांचा मोगरा आहे. सकाळी कळ्या खुडायच्या आणि टोपली तुळिंजच्या बाजारात पाठवायची, हे काम त्यांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही कुणाच्या हाती दिलं नव्हतं. एक दिवस टोपली परत आली. सोबत फुलवालीचा निरोप: "दादा, तुमच्या कळ्या चालायला लागल्यात!"

वाफ्यातल्या इवल्या पांढऱ्या गोगलगायी दादांनी मोठ्या निगुतीने खुडून टोपलीत टाकल्या होत्या.

तेव्हापासून माझी बायको ज्योती ती टोपली पुन्हा निवडायला लागली.  दादा टोपली तिच्यापुढे ठेवताना मान दुसरीकडे फिरवायचे. मग एका संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "चल, डोळ्याचं करून टाकू. मोगरा संपायच्या आत."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली आणि एकच अट घातली: तोवर साखर आटोक्यात हवी. ज्या माणसाने आयुष्यात चहात तीन चमच्यांखाली तडजोड केली नव्हती, तो माणूस बिनसाखरेचा चहा प्यायला लागला. कारल्याचा रस, नाचणीची भाकरी, आंब्याच्या दिवसांत आंब्याकडे पाठ! आठवड्याला बोटाला सुई टोचून आम्ही साखर बघायचो. ती शहाण्यासारखी उतरत होती. सगळं नीट चाललं होतं, म्हणजे आता मी मध्ये पडणं आलंच.

मला मोबाइलवर एक टी-शर्टवाला तरुण भेटला. (भेटला म्हणजे त्याला माझा पत्ता नाही, पण मी त्याला रोज भेटायचो.) त्याचे दंड माझ्या मांड्यांएवढे, आणि त्यातल्या एका दंडावर एक पांढरं बटण चिकटवलेलं. तो म्हणायचा, "तुमच्या आईबाबांच्या शरीरात या क्षणाला काय चाललंय, ते तुम्हाला माहीत आहे?" मला माहीत नव्हतं! पन्नाशी उलटली तरी माहीत नव्हतं! मी कसला मुलगा? त्याने ज्या सुरात विचारलं, त्या सुरात श्रावणबाळालाही अपराधी वाटलं असतं. मी लगेच बटण मागवलं.

ते बटण दंडावर चिकटतं. त्याची केसासारखी तार कातडीखाली जाते आणि साखरेचा आकडा दिवसरात्र मोबाइलवर येत राहतो. यंत्र उत्तम आहे, त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्याच्या दुसऱ्या टोकाला मी होतो, ही अडचण होती. दादा उजव्या हाताने कामं करतात, म्हणून बटण डाव्या दंडाला लावलं. एक जुना मोबाइल त्यांच्या उशाखाली ठेवला. त्यातून आकडे माझ्याकडे आणि राजोडीला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीकडे, नंदाकडे जायला लागले. आकड्याशेजारी एक बाण असतो. साखर वाढली की वर, घटली की खाली. दोन दिवसांत दादांची आम्ही दोघं मुलं न राहता शेअर बाजारातले दलाल झालो.

"दादा, बाण वर गेलाय! तुम्ही आंबा खाल्लात!" नंदा फोनवर ओरडायची.

"अगं, वास घेतला फक्त!"

"वासाने बाण वर जात नाही, दादा!"

"मग त्या बानालाच विचार की मी काय खाल्लं!"

डॉक्टरांनी नको म्हटलं असतं तर मी थांबलो असतो. पण मी त्यांना विचारलंच नव्हतं. टी-शर्टवाल्याने परवानगी दिली होती ना!

ऑपरेशन ठरल्या तारखेला सकाळी होतं. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात जाऊन शेवटची तपासणी करायची आणि दाखल व्हायचं, असं ठरलं होतं. त्या दुपारी मी वसई पूर्वेला माझ्या कंपनीत होतो. साहेब पुठ्ठ्याच्या खोक्यांवर गंभीरपणे बोलत होते आणि माझा मोबाइल बंबाच्या गाडीसारखा किंचाळला. लाल आकडा. खाली जाणारा बाण. दादांची साखर धोक्याच्या खाली!

दादा फोन उचलेनात. ज्योती शाळेत शिकवते, तिचा फोन बंद. मी शेजारच्या कार्मेलीन काकींना फोन लावला. आमच्या दोन घरांत एक भिंत आहे आणि त्या भिंतीचा कुणाला काही उपयोग झालेला नाही.

"काकी, दादांची साखर घसरलीय! पटकन साखरपाणी पाजा!"

"अरे, आत्ता तर जेवून झोपले. घोरतायत. मला इथे ऐकू येतंय."

"घोरतायत? म्हणजे शुद्धीवर नाहीत! धावा!"

काकी धावल्या. फोन त्यांनी चालूच ठेवला होता, त्यामुळे पुढचं सगळं मला साहेबांसकट ऐकू आलं. भांड्यात चमचा ढवळल्याचा आवाज. मग दादांचा.

"कोन हाय? अगं कार्मेलीन, काय ओततेस तोंडात? झोपू दे मला!"

"बाबू, ते ओरडतायत रे माझ्यावर."

मी मोबाइलमधलं माहितीचं पान उघडलं होतं. "चिडचिड! काकी, लिहिलंय इथे. पहिलं लक्षण चिडचिड!"

"ते लक्षण मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे."

"गोड खानार नाय मी!" दादा गरजले. "उद्या माझा डोळा हाय!"

"असंबद्ध बोलणं!" मी ओरडलो. "दुसरं लक्षण! अजून पाजा!"

(माणूस संबंध महिन्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य बोलला होता. पण ते पानावर छापलेलं नव्हतं.)

मी स्कूटर काढली. निघण्याआधी त्याच पानाच्या तळाशी मला एक सूचना सापडली आणि मी ती काकींना ठणकावून वाचून दाखवली: शुद्ध हरपणाऱ्या माणसाला डाव्या कुशीवर झोपवावं. "त्यांना उठू देऊ नका, काकी! डावी कूस!"

तोवर राजोडीहून नंदा पोचली. समुद्रावर फिरायला येणाऱ्यांना ती खोल्या देते, त्यामुळे तिच्या फ्रिजमध्ये शीतपेयं कायम असतात. ती दोन बाटल्या घेऊन आली. आणि आमच्या आळीत आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायची रीत नाही. बातमी भिंतीपलीकडे गेली आणि जो आला तो काहीतरी गोड घेऊन आला. कुणी नारळाच्या वड्या आणल्या, कुणी शिरा. काकींनी नाताळासाठी काढावेत तसे फुगे, म्हणजे मैद्याचे गोड तळलेले गोळे, काढले. कुणीतरी सुकेळी आणली. सुकेळी म्हणजे आमच्या वसईची उन्हात वाळवलेली केळी. एक खाल्लं की दुपारभर जीभ गोड राहते, आणि दादांचा जीव त्यांत अडकलेला.

मी पोचलो तेव्हा दादा डाव्या कुशीवर आडवे होते. नंदाने त्यांना उठता येऊ नये म्हणून खांद्याला दाबून धरलं होतं. काकींच्या एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात चमचा. मी मोबाइल बघितला. आकडा अजून लालच!

"एवढं देऊनही चढत नाही!" नंदा रडायला आली होती. "दादा, आणखी एक घोट. माझ्यासाठी."

दादांनी विरोध सोडला होता. दिसत नसल्याने तोंडाशी येणारी वस्तू काय आहे हे त्यांना ती आत गेल्यावरच कळत होतं.

"दादा, कसं वाटतंय?" मी विचारलं.

"आता तुम्ही मारायचंच ठरवलं असेल," दादा शांतपणे म्हणाले, "तर ते सुकेळं दे अजून एक. आनि मला उठून बसू दे. हात मेलाय माझा."

ते उठून बसले. आणि काय आश्चर्य! थोड्याच वेळात बाण वर फिरला. लाल आकडा हिरवा झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या! नंदाने माझ्या गळ्यात पडून हुंदका दिला. मी आळीला उद्देशून दोन शब्दही बोललो. विज्ञान नसतं तर आज काय झालं असतं, अशा अर्थाचे. मी बोलत होतो आणि आकडा चढत होता. हिरव्याचा पिवळा झाला. एकाच्या जागी दोन बाण आले. टाळ्या हळूहळू थांबल्या. मग मोबाइल पुन्हा किंचाळला, या वेळी दुसऱ्या कारणासाठी.

ज्योती शाळेतून आली ती याच क्षणी. तिने फुगे पाहिले, बाटल्या पाहिल्या, दादांच्या मिशीवरचा शिरा पाहिला.

"यांना आज दाखल करायचंय ना?"

नंदाने रिकामी बाटली पायाने खाटेखाली सरकवली.

"सुई टोचून बघितलंत का एकदा तरी? त्या कपाटात आहे यंत्र."

कपाट खाटेला लागून होतं.

दवाखान्यात नर्सने बोटाला सुई टोचली, आकडा बघितला, आणि यंत्र बिघडलंय समजून दुसरं आणलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. मी मोबाइल पुढे केला, दुपारचा लाल आलेख दाखवला, लक्षणं घडाघडा सांगितली.

"दुपारी काय करत होते ते?"

"झोपले होते, वामकुक्षी. जेवल्यावर डाव्या कुशीवर झोपतात. जन्मभराची सवय आहे, एक दिवस चुकत नाही."

"आणि हे बटण कुठल्या दंडाला आहे?"

मी दादांच्या दंडाकडे बघितलं. नंदानेही बघितलं. बटण कुठे आहे हे आम्हाला दोघांनाही चांगलं ठाऊक होतं, पण काहीतरी बघणं भाग होतं.

"त्याच्यावर माणूस झोपला की तिथलं कातडं दबतं आणि आकडा खोटाच खाली दिसतो," बाई म्हणाल्या. "माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. कूस बदलली की ठीक होतं. तुम्ही काय केलंत?"

"आम्ही... त्यांना डाव्या कुशीवरच दाबून धरलं."

"पण लक्षणं होती, डॉक्टर!" नंदा म्हणाली. "चिडचिड होती!"

"दुपारच्या झोपेतून उठवून कुणी माझ्या तोंडात साखर कोंबली, तर मलाही होईल."

 दादा म्हणाले, "बाई, मी सांगत होतो यांना. पन बटन बोललं की ऐकतात. मी बोललो तर त्याला लक्षन म्हनतात."

ऑपरेशन पुढे गेलं. बाई गावाला जाणार होत्या, मग दवाखान्यात गर्दी होती. दीड महिना! ऐन मोगऱ्याचा दीड महिना दादा रोज सकाळी वाडीत गेले, चाचपून कळ्या खुडत राहिले, आणि टोपली ज्योतीपुढे ठेवून मान फिरवत राहिले. माझ्याशी ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते पुन्हा कारल्याचा रस प्यायला लागले, न सांगता, न तोंड वाकडं करता. मी समोर बसून त्या प्रत्येक घोटाचा कडूपणा गिळत असे. टी-शर्टवाल्याला मी एक खरमरीत प्रतिक्रिया लिहिली. त्यावर त्याचं उत्तर आलं: एक हसरा चेहरा आणि प्रोटीन पावडरीवर सवलत.

अखेर ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला मी आणि ज्योती दादांना घेऊन गेलो. नवं बटण बाईंना विचारून उजव्या दंडाला लावलं होतं. बाईंनी पट्टी काढली, डोळा पुसला. दादा डोळ्यांची उघडझाप करत खोलीभर बघत राहिले. आधी खिडकी, मग ज्योती, मग मी. खूप वेळ मी.

"आजोबा, दिसतंय का सगळं?" बाईंनी विचारलं.

"लख्ख दिसतंय," दादा म्हणाले. "माझं झालं, बाई. आता याचे डोळे बघा. बाप समोर बसलाय आनि हा त्याला मोबाइलमधी शोधतोय."

बाई हसल्या, नर्स हसली, दादांनी स्वतः हसून डोळ्याला हात लावला म्हणून बोलणीही खाल्ली. हे सगळं मला ज्योतीने घरी आल्यावर सांगितलं. त्या वेळी माझं लक्ष नव्हतं, बाण नुकताच खाली वळला होता.