डब्यातली कुसुम

अहो, डबा उघडला आणि खोलीभर व्हिनेगरसारखा आंबट वास सुटला. आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात जुन्या सामन्यांची रिळं संगणकावर चढवायचं काम चाललंय. चेहरे ओळखायला मला बोलावलं होतं.

"आजी, नाक धरा. फिल्म सडली की असाच वास येतो," मशीनवरची मंजिरी म्हणाली. "एवढं गच्च बंद कुणी केलं हो?"

आम्हीच, दुसरं कोण! पैठणी ठेवावी तशी ती रिळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी लावून, डांबरगोळ्या टाकून ठेवली होती. मंजिरी म्हणते, फिल्मला हवा लागते. कोंडली की ती स्वतःच्याच वाफेने कुजते, शेजारच्या डब्यालाही नासवते. मी आपली विचारात पडले. जपतो जपतो म्हणत आपण कशाकशाची हवा बंद केली असेल, कुणास ठाऊक!

या डब्यात आमचा खो-खोचा सामना होता. आमच्या संघातली कुसुम पुढे बाळंतपणात गेली. तिच्या लेकीला आई ठाऊक आहे ती फोटोतली. "एकदा तिला हलताना बघायचंय," म्हणाली होती पोर.

पडद्यावर कुसुम उठली, खांबाकडे सुटली. सडलेल्या फिल्मच्या कडेला आलेले पांढरे फोड तिच्या पाठीमागून सरकत होते. तेवढ्यात मशीन अडलं.

"पुढचे वेढे चिकटलेत, आजी. ओढलं तर फाटेल, ठेवलं तर पावसाळ्यात लगदा होईल. ओढू?"

"ओढ, बाई."

कागद फाटावा तसा बारीक आवाज आला. पडद्याकडे बघायचा धीर आम्हा दोघींनाही होईना.