हाक मारू नकोस

कडकमामाच्या दुकानात इस्त्रीला टाकलेला शर्ट चार वाजता देतो म्हटलं की चारलाच मिळे. चारला पाच मिनिटं कमी असताना कुणी मागितला तर आधी बोलणी मिळत, मग शर्ट. मामाची इस्त्री कडक आणि जीभ तिच्याहून कडक, त्यावरूनच ते नाव पडलं. बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी. ती एका जागी ठरत नसे म्हणून तो तिला भिंगरी म्हणायचा. आधी शाळा सुटली की आणि पुढे कॉलेज सुटलं की ती दुकानात यायची, घड्या घालायची, तुटकी बटणं शोधून काढायची.

घर सोडण्याआधीचं वर्षभर तिनं दुकानात एकच गाणं लावलं. फळीवर तिचा छोटा स्पीकर असे. गाणं तेव्हा जिथं तिथं वाजणारं, रडवं:

निघाले मी, दार लोटून घे,
वळले तरी हाक मारू नकोस.
कपातला चहा गार होऊ दे,
माझ्यासाठी गरम करू नकोस.

मग तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. मामा म्हणाला, "दुकान कोण बघणार?" ती म्हणाली, "तुम्ही आहात की, बाबा." शब्दानं शब्द वाढला आणि मामाच्या तोंडून निघून गेलं, "जायचं तर जा. परत तोंड दाखवू नकोस." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. स्पीकर फळीवरच राहिला होता आणि त्याच्याखाली एक चिठ्ठी होती. चिठ्ठीत फोन नंबर, बाकी एक अक्षर नाही.

मामानं जन्मात कधी कवितेचा अर्थ लावला नव्हता. पण कपड्यावरून माणूस ओळखायची त्याला सवय होती. कोपर झिजलेलं दिसलं की हा दिवसभर टेबलाशी बसतो, कॉलर आतून उसवलेली दिसली की याच्या घरी बघणारं कुणी नाही. त्याच सवयीनं तो आता गाणं वाचायला बसला. पोरगी वर्षभर हेच ऐकत होती, म्हणजे तिच्या मनात हेच होतं. चिठ्ठीत नंबर आहे, पण 'फोन करा' असं काही नाही. आणि गाण्यात तर स्वच्छ सांगितलंय.

शेजारच्या दुकानातला घड्याळजी डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाला, "लेका, गाणं म्हणजे काय पोरीचं पत्र आहे? ज्याला हाक नको असते तो नंबर कशाला ठेवील?"

"अडीअडचणीला. मी मेलोबिलो तर कळवायला."

"मेल्यावर फोन तू करणार का?"

मामानं हातातली विजार उलटी केली. खरं सांगायचं तर गाण्याच्या आडोशाला त्याचा ताठाही बसला होता. बापानं आधी फोन का करायचा, हा त्यातला निम्मा भाग. पण उरलेला निम्मा माणूस ते गाणं इमानेइतबारे पाळत होता. चहा केला की कप बाजूला ठेवायचा आणि पार गार झाला की प्यायचा. दोनदा त्यानं नंबर फिरवला, शेवटचा आकडा न फिरवताच फोन खाली ठेवला.

अशी सात वर्षं गेली.

एका दुपारी दारात काळा लोकरी कोट घातलेली बाई उभी राहिली आणि मामा म्हणाला, "चारनंतर या." मग त्यानं वर पाहिलं.

"जन्माचा दाखला हवा होता, बाबा," भिंगरी म्हणाली. "लग्न केलंय मी. आम्ही परदेशी जातोय, कायमचे. तासाभरात गाडी आहे."

मामानं आतल्या पेटीतून कागद काढून दिले. "चहा टाकू?"

"नको."

त्याला तेही गाण्यातलंच वाटलं. म्हणून तो बोलला, थोड्या अभिमानानंच बोलला, "तुझं ऐकलं हं मी. हाक मारू नकोस म्हणालीस, सात वर्षं नाही मारली."

"मी कधी म्हणाले?"

त्यानं फळीकडे बोट केलं. स्पीकरवर धुळीचा कण नव्हता.

भिंगरीनं तिकडे पाहिलं. "ते गाणं मला कधीच आवडलं नाही, बाबा. काळ्या कपड्यावर तुमचा हात जड पडायचा. कापडावर चकाकीचे डाग पडायचे, गिऱ्हाईक भांडायचं, मग दिवसभर तुमची चिडचिड. ते गाणं लागलं की तुमचा हात त्याच्या तालावर हलका चालायचा. तुम्हाला कळायचंही नाही. म्हणून लावायचे."

मामानं स्पीकर उचलून पुन्हा फळीवर ठेवला.

"पहिली दोन वर्षं मी आंघोळीला जाताना पण फोन बरोबर न्यायचे," ती म्हणाली. "मग नंबर बदलला."

तिनं कागद पिशवीत ठेवले, वाकून नमस्कार केला आणि निघाली. पायरीवर जाऊन ती वळली. मामानं हाक मारली,

"भिंगरे."

ती थांबली. "काय, बाबा?" आवाजात राग नव्हता. कुणालाही विचारावं तसं तिनं विचारलं होतं.

सात वर्षांचं सगळं जिभेवर आलं, आणि कडकमामाच्या तोंडून एवढंच निघालं, "बाही चुरगळलीय तुझी. दे इकडे कोट."

तिनं घड्याळ पाहिलं. मग कोट काढून दिला आणि जुन्या जागी, कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली. लोकरीवर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवायची असते. मामानं फडकं बादलीत बुडवलं आणि न पिळताच कोटावर पसरलं. इतक्या पाण्याला वाळायला वेळ लागतो. ती याच दुकानात वाढलेली, तिला ते कळत होतं. तिनं पुन्हा घड्याळ पाहिलं नाही.

गाणं लावलेलं नव्हतं, तरी हात हलका चालत होता. पण कोट असून असून केवढा असणार? दोन बाह्या, पाठ, कॉलर. त्यानं कॉलर दोनदा केली. मग वाफ यायची थांबली.