भिंगवाला पारखी

मुंबईहून आलेला तो कापसाचा पारखी अमरावतीच्या बाजारात माझ्याच बोऱ्यावर बसला. वजन वाढावं म्हणून त्या बोऱ्यात मी सकाळीच घागरभर पाणी मारलं होतं. आम्ही कापूस चिमटीत ओढून बघतो, ते त्याला गावंढळ वाटे. तो पितळी नळीच्या भिंगाला डोळा लावून एकच तंतू न्याहाळत राहिला.

"हा अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी," मिशीला पीळ देत तो म्हणाला. "बोंड उकललं की तिच्यातलं पाणी आटतं, ती चपटी होते, पीळ घेते. तुझा माल अगदी कोरडा आहे!"

"हो जी," मी म्हणालो.

सौदा करून तो ऐटीत निघाला. धोतर मागून ओलंचिंब.

मापारी कुजबुजला, "साहेबाले सांगू का?"

"काहून? भिंगात दिसन त्याले."