एल.जी.चं एक काडतूस

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता आठवत नाहीत. पण वर्दी उतरवल्यावर, शारजात मुलीच्या घरी बसून सोडवलेली ही एक केस अजून पंचनाम्यासारखी डोळ्यांपुढे आहे. तिला केस म्हणावं का, हा प्रश्नच आहे. मला अधिकार नव्हता, हाताखाली शिपाई नव्हता, ठाणं नव्हतं. एक फोन होता.

मुलीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कोकणातलं एक तरुण जोडपं राहतं. तो दुबईत रास अल खोरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर आहे, ती एका दवाखान्यात रिसेप्शनला. शनिवारी सकाळी बेल वाजली. नातीनं दार उघडलं आणि, "आजोबा, इट्स फॉर यू. आय थिंक शी वॉज क्रायिंग," असं सांगून ती आत गेली. दारात ती बायको उभी होती.

"काका, गुरुवारी हे गावाहून आले. एअरपोर्टवर ह्यांच्या बॅगेत बंदुकीची गोळी सापडली."

मी नवऱ्याला खाली बोलावलं, समोर बसवलं, पाणी दिलं. चौकशीत पाण्याचा ग्लास फार उपयोगी असतो. बोलायच्या आधी माणूस तो कसा पितो ते बघावं. त्यानं तो एका दमात संपवला.

हकिकत अशी. गावाहून निघताना आईनं काजू, आमसुलं, फणसपोळी एका जुन्या खाकी कॅनव्हासच्या पिशवीत भरून दिली. ती पिशवी त्यानं मोठ्या बॅगेत घातली. भारतात सामान पुढे गेलं, इथल्या स्कॅनिंगमध्ये अडकलं. खाकी पिशवीत एक जिवंत काडतूस निघालं. पोलिसांनी जबाब घेतला, पासपोर्ट ठेवून घेतला आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावलं. त्या दिवशी कागद सरकारी वकिलांकडे जाणार होते. काडतूस कुठून आलं हे कागदानिशी दाखवता आलं तर प्रकरण निष्काळजीपणावर मिटण्यासारखं होतं. नाहीतर शिक्षा. कंपनीनं सांगितलंच होतं की खटला उभा राहिला तर व्हिसा रद्द.

"पिशवी कोणाची?"

"अप्पांची. माझ्या वडिलांची. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे. पण ते म्हणतात, काडतूस माझं नाही."

"मग तुला काय वाटतं?"

तो जरा घुटमळला. "माझ्याच फ्लाइटला गोदामातला एक जण होता. आमचं पटत नाही. त्यानेच टाकलं असणार."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग सांगू नकोस. तू पाहिलं नाहीस ते तुझ्या जबाबात येता कामा नये. त्याचं घर बसेल आणि तुझंही वाचणार नाही."

त्यानं जप्तीच्या कागदाचा फोटो दाखवला. बारा बोरचं काडतूस, पितळी बूड, अंगावर दोन अक्षरं: एल.जी. मी पुढचं काही विचारलं नाही, चहा मागवला.

घरातला पहिला पदवीधर मी. वडील जिनिंगमध्ये हमाल. तालुक्याच्या शाळेतल्या एका गुरुजींनी माझा फॉर्म भरला म्हणून मी परीक्षेला बसलो आणि फौजदार झालो. पण बंदुकीतलं मला जे कळतं ते कॉलेजनं शिकवलेलं नाही. पहिल्या नेमणुकीत परवाने तपासायचं काम आलं, तेव्हा एका म्हाताऱ्या हवालदारांनी टेबलावर काडतुसं मांडून धडा दिला होता. "साहेब, बारा बोर म्हणजे नळी. तिच्यात काय भरलंय त्यावर माणसाचा इरादा कळतो. नंबर जितका मोठा तितका छरा बारीक. पाच-सहा नंबरात मोहरीहून जरा मोठे दाणे, शेदीडशेच्या वर, ते पाखरासाठी. एल.जी.त हरभऱ्याएवढे सहा-आठच, ते डुकरासाठी. पाखराला एल.जी. मारली तर एक तर चुकते, नाहीतर पिसंच हातात येतात. आणि डुकराला सहा नंबर मारला तर ते जखमी होऊन मारणाऱ्यावर येतं." हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं.

मी अप्पांना फोन लावला, स्पीकरवर ठेवून. आवाज खणखणीत, सत्तरीतला.

"साहेब, मी पाच नंबरशिवाय दुसरं वापरत नाही. पोपट आणि वानर हुसकायला तेवढं पुरतं. पिशवी मी स्वतः झटकून दिली. एल.जी. माझ्याकडे नाहीच. पोराला कोणीतरी गोवलंय."

तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच उत्तर, त्याच शब्दांत. खरं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी थोडं वेगळं सांगतो. तरीही मी त्यांना खोटं पाडलं नाही. फोन ठेवला. पोरगा लगेच म्हणाला,

"काका, अप्पा खोटं बोलत नाहीत."

"मी कुठं म्हटलं? त्यांचं आपल्या बंदुकीवर प्रेम आहे. तिथूनच जाऊ."

दुपारी जेवणं झाल्यावर मी पुन्हा फोन लावला आणि पिशवीचं नावही काढलं नाही.

"अप्पा, एक शंका आहे. मी पोलीस होतो, शिकारी नाही. एकाच फेरीत रानकोंबडा उठला आणि पुढच्या वळणावर डुक्कर आलं, तर माणसानं न्यायचं काय?"

अप्पा हसले. "हे विचारणारे आता राहिले नाहीत, साहेब. दोन्ही न्यायचं. डबल बॅरल असली तर उजव्या नळीत सहा नंबर, डाव्या नळीत एल.जी. पहिला घोडा पाखराचा, दुसरा डुकराचा."

"आणि घाईत हात चुकला तर?"

"चुकेल कसा? दोन्ही एका खिशात ठेवतो तो शिकारी नव्हेच. माझ्या वडिलांनी मला एकदाच थोबाडीत मारली, ती ह्यासाठी. छरे पुढच्या खिशात. एल.जी. मागच्या. मागचा खिसा आतून शिवलेला, आडवा, वर झाकण. डोळे मिटून हात घातला तरी कळलं पाहिजे, आपण कुठे आहोत."

यातलं किती कायद्यात बसत होतं ते मी त्या वेळी विचारलं नाही.

"तो खिसा कोणी शिवला होता?"

"मीच. मेणाचा दोरा..." अप्पा थांबले.

 फोनमध्ये तिकडची कोंबडी ओरडत होती. पोरगा माझ्या शेजारी बसून जमिनीकडे बघत होता.

"अप्पा, पिशवी झटकलीत तेव्हा तिच्या मागच्या खिशाचं झाकण उघडलं होतंत?"

 आता अप्पांचा मघाचा आवाज नव्हता. "नाही. साहेब, गुडघे गेल्यापासून डुकरामागे जात नाही. त्या खिशाची आठवणच राहिली नाही. एक असेल. शेवटचं."

"हे सकाळीच सुचलं होतं ना?"

"पोरानं कागदाचा फोटो पाठवला तेव्हाच ओळखलं. पण परवाना नवा करताना ठाण्यात लिहून दिलंय, एल.जी. शिल्लक नाही म्हणून. खोटं ठरलो तर बंदूक जाईल. चाळीस वर्षं आहे ती घरात."

मुलगा फोनवर पहिल्यांदा बोलला. "अप्पा, मी इथं तुरुंगात गेलो तर तुम्ही ती बंदूक कोणाला दाखवणार?"

 अप्पांनी मलाच विचारलं, "साहेब, काय करायचं ते सांगा."

मी सांगितलं. सोमवारी पहिल्या एसटीनं तालुक्याच्या ठाण्यात जायचं. परवाना न्यायचा, काडतूस खरेदीची नोंद त्यावर असतेच, एल.जी. कधी घेतली तेही. कोणाची ओळख काढायची नाही, माझंही नाव घ्यायचं नाही. घडलं ते, घडलं तसं सांगून जबाब द्यायचा आणि परवान्याची साक्षांकित प्रत मागायची. "चुकून राहिलं असं म्हणा. कोणी ठेवलं असं म्हणू नका."

सोमवारी संध्याकाळी अप्पांचा जबाब आणि परवान्याची प्रत फोनवर आली. जबाबाचं इंग्रजी मी केलं. माझं इंग्रजी तालुक्याच्या शाळेतलं, मुलीनं दोन ठिकाणी दुरुस्त केलं आणि म्हणाली, "बाबा, कसं सरळ लिहिलंय." मला बरं वाटलं. मग अधिकृत अनुवादकाकडून त्याचं अरबी करून घेतलं.

गुरुवारी मी पोराबरोबर गेलो. तपास अधिकारी तरुण होता, नम्र, हिंदी बरी बोलायचा. त्यानं परवान्याची प्रत पाहिली, जबाब वाचला आणि मला विचारलं, "बाबा, ये दो पॉकेट वाला आदमी सच में है?"

"है साहब. बहुत पक्का आदमी है. इसी लिए भूल गया."

तो हसला. पुढे दोन आठवडे गेले. दंड झाला, काडतूस आणि पिशवी जप्त झाली, पासपोर्ट परत मिळाला. "खलास," अधिकारी म्हणाला, "अब फादर को बोलो, बैग नया लेना." गोदामातल्या त्या दुसऱ्या माणसाला आपलं नाव कधी कोणाच्या तोंडी आलं होतं हे आजही माहीत नाही. तपासात कमावलेली ती सर्वांत मोठी गोष्ट, असं मी मानतो.

अप्पांना ठाण्यात समज मिळाली, परवाना गेला नाही. तरी त्यांनी बंदूक आपणहून जमा केली. फोनवर म्हणाले, "आता डुकरं आली की थाळी वाजवतो. ती ऐकून घेतात आणि खातात."

मी नोकरीत हजारो माणसांना 'तू काय केलंस' असं विचारलं. तो प्रश्न ऐकला की माणूस आतून कडी लावतो. त्याला जे उत्तम येतं ते विचारावं. ते सांगताना तो सगळं घर उघडं करतो, आणि चूक घरातच असेल तर ती त्याला स्वतःलाच आधी दिसते. हे मला निवृत्तीनंतर, एका फोनवर कळलं.

पुढच्या सुट्टीनंतर तो मुलगा गावाहून आला आणि आमसुलं द्यायला खाली आमच्याकडे आला. पिशवी नवी होती, निळ्या कापडाची. अप्पांनी ती उलटी करून पाठवली होती. शिवण बाहेर, दोन्ही खिसे कानांसारखे लोंबत होते.