फुनाबोरीतला फ्रेंच ड्रेसर

जुना फ्रेंच ड्रेसर ओळखायच्या अकरा खुणा असतात आणि त्या अकराच्या अकरा मला तोंडपाठ आहेत. हे ज्ञान मला आयुष्यात एकदाच वापरायला मिळालं आणि तेवढं पुष्कळ झालं.

पुण्यातून सॉफ्टवेअरवाले घाऊक प्रमाणात टोकियोला रवाना होत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. फुनाबोरीला तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं अपार्टमेंट होतं. आम्ही म्हणजे मी, माझी बायको मेधा आणि पुण्याहून तिनं आणलेली भांडी. भांडी अजून खोक्यांतच होती, कारण ठेवायला कपाट नव्हतं. फेब्रुवारीत होक्काइदोला जाऊन बर्फ बघायचा, म्हणून आम्ही वर्षभर पैसे बाजूला टाकत होतो. मेधानं लोकरीचे मोजे घेऊनही ठेवले होते.

अशात स्टेशनजवळच्या इंडियन दुकानातल्या फळ्यावर मला एक इंग्रजी चिठ्ठी दिसली. इचिकावाच्या कुणा मोरीता-सानना (सान म्हणजे आपलं ‘जी’) लहान घरात जायचं होतं, म्हणून जुना फ्रेंच ड्रेसर विकायचा होता. मेधाला वाटलं, ड्रेसर म्हणजे ड्रेसिंग टेबल. मलाही तसंच वाटत होतं, पण मी तसं दाखवलं नाही. मग इंटरनेटवर वाचलं, तेव्हा कळलं की खाली कपाट, मध्ये खण आणि वर ताटं-वाट्या लावायच्या फळ्या म्हणजे ड्रेसर. थोडक्यात आपलं फडताळच, पण फ्रेंच. त्याच पानावर त्या अकरा खुणा होत्या. खणांचे सांधे हातानं कापलेले हवेत, पाठीच्या फळ्या कमीजास्त रुंदीच्या हव्यात, लाकडाला किडीची बारीक भोकं हवीत वगैरे. (भोकं असलेलं फर्निचर जास्त महाग असतं, हे मला पटायला दोन दिवस लागले.)

रविवारी मी एकटाच इचिकावाला गेलो. माझी जपानी भाषा त्या वेळी अशी होती, की नामं मला कळायची आणि क्रियापदांना मी मान डोलवायचो. मोरीता-सान सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या बाई. त्यांनी चहा दिला आणि ड्रेसरवर हात ठेवून बराच वेळ काही सांगितलं. त्यातलं ‘फुरान्सु’ मला नीट कळलं. चला, फ्रान्स नक्की झालं. मग त्यांनी ड्रेसरवर थोपटलं आणि म्हणाल्या, “इन्दो कारा.”

इन्दो कारा म्हणजे भारतातून. कोण आलं, काय आलं, हे जपानीत सांगायची गरज नसते. समोरच्यानं ओळखायचं असतं. मी ओळखलं. छातीवर हात ठेवून मी होकार दिला, “हाई, इन्दो कारा.”

बाईंचा चेहरा असा उजळला, की मलाच संकोच वाटला. त्यांनी पुन्हा ड्रेसर थोपटला आणि पुन्हा तेच म्हणाल्या. मीही पुन्हा छातीवर हात ठेवला. असं चार वेळा झालं. वयामुळे विसरत असतील, असं मला वाटलं. शेवटी त्यांनी डोळे टिपले आणि न मागताच किंमत निम्मी केली. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

ती खुशी ड्रेसर फुनाबोरीला पोचेपर्यंत टिकली. तो जिन्यातून येईना, दारातून तर नाहीच नाही. यंत्र मागवून तो बाल्कनीतून चढवावा लागला आणि त्या यंत्राच्या भाड्यात आमचं होक्काइदो गेलं. मेधानं लोकरीचे मोजे ड्रेसरच्या वरच्या डाव्या खणात ठेवले आणि खण लावून घेतला.

आता ड्रेसर फ्रेंच असणं ही माझी गरज झाली. येईल त्या पाहुण्याला मी अकरा खुणा दाखवू लागलो. दहा जुळत होत्या. अकरावी खूण म्हणजे कारागिराची सही. तीही सापडली. मी सगळे खण उपसले, तर प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. पुसट, गोलगोल, वळणावळणाचं. इतकी वळणं म्हणजे फ्रेंचच.

“सही आहे तर प्रत्येक खणावर वेगळी कशी?” मेधानं विचारलं.

मी म्हटलं, चार कारागीर असतील.

तिची खात्री पटावी म्हणून मी फोटो काढून ऑफिसात नेले. आमचे मॅनेजर इतो-सान दोन वर्षं पॅरिसला राहून आलेले. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिले, जपानी पद्धतीनं दातांतून हवा आत ओढली आणि फार नम्रपणे विचारलं, की ही तुमचीच भाषा तर नाही ना? मी हसलो. परदेशी माणसाला काय कळणार, म्हणून मी त्यांना माफही केलं.

माझ्या शेजारी चेन्नईचा सुब्बू बसायचा. त्यानं माझ्या हातातून फोटो घेतले आणि उलटे धरले.

“तमिळ आहे,” तो म्हणाला. “वरचा, डावा. हा वरचा, उजवा. हा खालचा, डावा.”

“आणि चौथा?”

“हा खण अडकतो.”

चौथा खण खरंच अडकायचा.

पुढच्या रविवारी मेधा, मी आणि सुब्बू इचिकावाला गेलो. सुब्बूचं जपानी चांगलं होतं. मोरीता-सानचे यजमान कंपनीच्या कामासाठी चार वर्षं मद्रासला होते. पाँडिचेरीला एका फ्रेंच माणसाचं घर मोडलं, तेव्हा त्यांनी हा ड्रेसर हौसेनं घेतला होता. लाकूड आपलं, सुतार तमिळ, नमुना फ्रेंच. हे फ्रेंच म्हणायचं की नाही, ते चौघांनाही सांगता येईना.

पुढचं सुब्बूनं जरा सावकाश सांगितलं. “याआधी दोन गिऱ्हाइकं आली होती, त्यांना बाईंनी परत पाठवलं. भारतातली वस्तू भारतातल्या माणसाकडे जावी, एवढीच त्यांची इच्छा होती. तुला चार वेळा सांगितलं म्हणतात. आणि तू चारही वेळा ‘हो, भारतातूनच’ म्हणालास. इतकी पारख असलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.”

मेधानं माझ्याकडे पाहिलं. होक्काइदो गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, तीही भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिनं मोरीता-सानना आमच्याकडे जेवायला बोलावलं. त्या आल्या. ड्रेसरच्या फळ्यांवर मेधाची स्टीलची ताटं, वाट्या आणि इडलीपात्र लावलेलं पाहून त्या कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या. जाताना मेधाचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

तीन वर्षांनी आम्ही परतलो, तेव्हा मेधानं बजावलं की बाकी काही राहिलं तरी चालेल, ड्रेसर येणार. तो पुण्याला आला, थोडा खरचटून. पॉलिश करायला मी एका जुन्या, जाणत्या कारागिराला बोलावलं. त्यानं लाकडावर बोट वाजवलं, सांधे चाचपले, मागे चिकटलेला सामानवाल्यांचा जपानी कागद बारकाईनं पाहिला आणि मान हलवली.

“साहेब, अस्सल जपानी माल आहे. असलं लाकूड आपल्याकडे होत नाही.”

मेधा आतून ऐकत होती. मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, “बरोबर ओळखलंत.”