विलासने माझ्या दादाला वाचवलं नव्हतं

विलास आज सकाळी गेला. मला रडू आलं नाही.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात.
जिवंत होता तेव्हा बोलले, कुणी ऐकलं नाही. त्यामुळे आज बोलणार.

सकाळपासून बोरिवलीच्या जुन्या ग्रुपवर एकच चाललंय. दिलदार माणूस. जिवाला जीव देणारा. सुधीरला पुरातून काढणारा.

सुधीर म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आणि विलासशी माझा साखरपुडा झाला होता. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांना हे माहीतही नसेल.

साल १९८५. गटारीच्या आधीचा रविवार. दर्यावरच्या होड्या बंद, बाजारात सुकं सोडून काही नाही. पुढे महिनाभर श्रावण. दादा म्हणाला, चल, नदीवर गळ टाकू.

विलासला आणि मला एकटं फिरायची घरून परवानगी नव्हती. म्हणून दादा जिथे, तिथे आम्ही.

दहिसर नदी तेव्हा नदी होती. चार दिवस पाऊस लागून होता. डोंगरावरून आलेलं पाणी लालभडक आणि इतकं गार की पाय घातला तर पोटरीपर्यंत कळ जायची.

गळाला गांडुळं लावत दादा मला शिकवत होता. "पाणी चढलं की मासा मधे थांबत नाही, मीने. काठाला, दगडाच्या आड येतो. आणि गार पाण्यात आळशी होतो. आमिष पार तोंडापुढे न्यावं लागतं, तेव्हा कुठे घेतो."

विलास वरूनच गळ टाकत होता. लांब, जोरात, मधल्या धारेत. प्रत्येक वेळी गळ वाहून काठाला यायचा, झुडपात अडकायचा. मग नदीला शिव्या.

दादा खाली उतरला. मोठ्या दगडामागे पाणी संथ होतं, तिथे गळ सोडायला.

शेवाळावर पाय सटकला. डोकं दगडावर आपटलं आणि तो धारेत गेला.

दहा-बारा फुटांवर उंबराची मुळं होती. त्यांना अडकला. एका हाताने मूळ धरलेलं, कपाळावरून रक्त.

मी ओरडले, "विलास, काठी दे त्याला! बांबू पुढे कर!"

विलासच्या हातात गळाचा सात-आठ फुटांचा बांबू होता. त्याने दादाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. बांबू खाली टाकला.

"मी माणसं घेऊन येतो," म्हणाला. आणि वर तबेल्याच्या दिशेने पळाला.

दादा म्हणत होता, "मीने, हात बधिर झालाय."

मी बांबू उचलला. चिखलात पालथी पडले, पाय झाडाच्या बुंध्याला अडकवला आणि बांबू त्याच्यापर्यंत सरकवला. "काखेत घे, दादा! काखेत!" दोनदा सुटला. तिसऱ्यांदा त्याने काखेत दाबला आणि मी ओढत राहिले. तळहात सोलले. गळाची तंगूस दोरी बोटात रुतली. गुडघ्याएवढ्या पाण्यात आला तेव्हा शर्टाला धरून बाहेर खेचला.

मग विलास आला. एकटाच. माणसं कुठेत, मी विचारलं नाही. त्याने दादाला खांद्यावर घेतलं.

आणि आख्ख्या बिल्डिंगने काय पाहिलं? विलास, पावसाने नखशिखांत भिजलेला, खांद्यावर सुधीर. मागून मी, हातात दोघांच्या चपला.

चहा पिता पिता विलास म्हणाला, "उडी मारली, दुसरा इलाजच नव्हता."

मी म्हटलं, "उडी? कुठे मारलीस?"

तो हसला. आईला म्हणाला, "शॉकमध्ये आहे ती."

दादाला काहीच आठवत नव्हतं. डोक्याला मार होता. त्याला आठवत होता फक्त विलासचा खांदा.

खरं काय ते मी घरात सांगितलं, दादाने मधेच तोडलं. आठ दिवसांत मी अंगठी परत केली.

आई म्हणाली, "तुका याड लागला काय? त्याने माझ्या झिलाक वाचवल्यान!"

दादा चार वर्षं माझ्याशी बोलला नाही. चार वर्षं. माझ्या लग्नात पाहुण्यासारखा आला, जेवला, गेला.

विलास घाबरला याचा मला राग नाही. मीही घाबरले होते. त्याने तेवढं सांगितलं असतं तर कदाचित लग्नही केलं असतं मी त्याच्याशी.

दादाच्या साठीला घाटकोपरच्या हॉलमध्ये विलासने माइकवर तीच गोष्ट सांगितली. तोवर गोष्टीतलं पाणी डोक्यावरून गेलेलं होतं आणि त्याने दोनदा बुडी मारली होती. टाळ्या पडल्या.

नंतर बेसिनपाशी मला गाठून म्हणाला, "मीना, तेव्हा फाटली होती गं माझी. एकदा बोलून बसलो, मग मागे फिरता येईना."

"मग आता फिर. माइक चालू आहे अजून."

"सुधीरला काय वाटेल?"

"मला काय वाटलं ते विचारलंस कधी?"

"सांगेन," म्हणाला. "शप्पथ सांगेन."

हात पुसून जेवायला बसला. त्यानंतर कित्येक वर्षं होती त्याच्याकडे. धडधाकट होता, दादाकडे दर गणपतीला यायचा.

आज सकाळी दादाचा फोन आला. रडत होता.

"मीने, मला वाचवणारा गेला गं."

मी म्हटलं, "नाही दादा. मी आहे अजून."

फोन कट झाला नाही.

मग म्हणाला, "पहिल्यापासून सांग."

सांगितलं. या वेळी त्याने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "मी तुला चार वर्षं..."

त्याला सांगून झालं, म्हणून आता तुम्हाला.

विलास, श्रद्धांजली.
भावपूर्ण म्हणवत नाही.