तारा परका, हळद घरची

ही फजिती कुणाला सांगायची नाही असं ठरवलं होतं. पण चहा समोर आहे, तुम्हीही घरचेच, तर ऐका.

जतमध्ये माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. शिक्षण दहावी. तारे बघायचा नाद मात्र वीस वर्षांचा, आणि रोजची वही. दुर्बिणीपुढं एक खास काच बसवली की ताऱ्याचा प्रकाश रंगांच्या पट्टीत फाकतो. त्या पट्टीवरून ताऱ्यात कोणती द्रव्यं आहेत ते कळतं.

तर नव्या काचेतून एक तारा पाहिला. पट्टीतला निळा रंग जवळजवळ गायब. कार्बन फार असलेल्या ताऱ्याचं असं होतं, हे मी वाचलं होतं. असले विचित्र तारे कधीकधी बाहेरच्या छोट्या दीर्घिकेतून आपल्या आकाशगंगेत आलेले असतात, हेही वाचलं होतं. मग काय, सगळा हिवाळा मी त्या एकाच ताऱ्याच्या मागे.

पुण्याच्या एका संशोधक मॅडमना पत्र लिहिलं, 'हा तारा आपला नाही.' त्यांचा फोन आला. "रविवारी जतला येते. खरं निघालं तर शोध तुमच्या नावानं लिहू."

माझ्या नावानं. शनिवारीच काच पुसून घ्यायला सांगलीला रफिकभाईंच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. त्यांना ताऱ्याची, गायब निळ्याची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी काच उजेडात धरली, मग नाकाशी नेली.

"भाऊ, सैपाकघरात ठेवताय व्हय ही?"

"का हो?"

"हळद हाय की हिच्यावर. पिवळ्यातनं निळं कसं दिसंल? दुसरा तारा बघितला का?"

"नाही."

"एक बी न्हाई?"

"याच्यातच गुंतलो होतो."

"आवं, चष्म्यावर डाग पडला तर गिऱ्हाईक आधी भिंत बघतं, मग दार बघतं. तुमी सगळा हिवाळा एकाच भिंतीकडं बघत बसला."

परतीच्या एसटीत वही उघडली. माझंच सुबक अक्षर: 'खंडेनवमी. नवी काच आली. दुकानातल्या हत्यारांसोबत तिचीही पूजा. अनामिकेनं हळदीचं बोट, बरोबर मधोमध. उद्यापासून निरीक्षण.'

घरी आल्यावर बायकोला सांगितलं.

"कुंकू न्हाई लावलं?"

"काच आहे म्हणून नुसती हळद."

"म्हंजी इचार केलावता म्हणायचा."

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.

"तो तारा मीही काल इथून पाहिला," त्या म्हणाल्या. "अगदी साधा आहे. मग आता मी येत नाही. वही मात्र पाठवा."

जीवात जीव आला. "नोंदी उपयोगी पडतील ना, मॅडम?"

"पडतील. विद्यार्थ्यांना दाखवते. आपली चूक कोणत्या दिवशी, कोणत्या बोटानं केली, हे इतकं स्वच्छ लिहून ठेवणारा निरीक्षक मला अजून भेटला नव्हता."

वही पाठवली. पान शोधायला त्रास नको म्हणून खूणही घालून दिली.